प्रेरणाला नेपाळला नेऊ का?

पुणे,
१८ जानेवारी २०२४

प्रिय मंजू,

फोनवर मी हा विषय काढला की तू ‘पाहू ताई’ म्हणतेस आणि लगेच आईच्या हातात फोन देतेस. आज म्हणून कागदच घेऊन बसले. कागद तुला आईकडे देता येणार नाही.

यंदा मे महिन्यात आम्ही नेपाळला जातोय. मी, हिमांशू आणि पुष्पांजली. पोखऱ्याहून वर घोरेपानी नावाचं गाव आहे, तिथवर डोंगरातली पायवाट जाते. रोज थोडं चालायचं, वाटेतल्या लोकांच्या घरीच राहायचं-जेवायचं आणि शेवटी पहाटे एका टेकडीवर चढून बर्फाचे डोंगर पाहायचे. लोक लहान मुलं घेऊन जातात. आम्ही तर पुष्पांजली पाच वर्षांची असताना तिला स्पितीला नेलं होतं, आणि मागच्या सुट्टीत व्हिएतनामच्या गुहेत ती कंबरभर पाण्यातून चालली. दर सुट्टीत असं काही केल्याशिवाय आम्हाला करमत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू गजूजवळ म्हणतेस, ते माझ्या त्या भावानेच मला सांगितलंय. रागावले नाही, खरंच आहे ते.

प्रेरणाला आमच्याबरोबर पाठव. तिच्या शुगरचं मी विसरलेले नाही. सुया, इन्सुलिन, मीटर, सगळं शिकून घेईन. पण दिवाळीत मी घरी आले तेव्हा अकरा वर्षांची पोर ओसरीवर पाटावर बसून बाकीच्यांचा खेळ पाहत होती. पुष्पांजलीने हात धरून ओढलं तर म्हणाली, ‘आई रागवेल.’ ते माझ्या मनातून जात नाही.

तूही चल म्हणाले असते. पण मे महिन्यात उन्हाळी धानाची कापणी आणि त्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन, तुला निघता येणार नाही हे दिसतंय. विचार कर आणि मला लिही. फोन करू नकोस.

तुझी,
हर्षा


खैरीटोला, ता. अर्जुनी मोरगाव,
२ फेब्रुवारी २०२४

ती. ताई,

तुम्ही कागद पाठवला ते बरं केलं. फोनवर मला तुमच्यापुढे नाही म्हणता येत नाही. तुम्ही ह्यांच्या मोठ्या बहीण, आणि बोलता पण भराभर. कागदावर म्हणता येते. तर ताई, नाही.

तुम्हाला पोळ्याचा तो दिवस माहीत आहे, पण तुम्ही पुण्यात होत्या. इकडे बैलांच्या शिंगांना बेगड लावणं चालू होतं. प्रेरणा त्या आठवड्यात सारखी पाणी पिऊन राहिली होती, आम्ही म्हटलं उकाडा आहे. ती बैलासाठी ताट घेऊन निघाली आणि अंगणातच बसली. मग आडवी झाली. श्वास असा घेत होती की जणू धावून आली. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. गाडीत मी तिला हाक मारत होती आणि ती माझ्याकडे पाहत होती, पण ओळखत नव्हती. स्वतःची आई समोर बसली आहे हे तिला कळत नव्हतं. ते मी पाहिलं आहे ताई.

डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, लहान मुलांची, जन्मभर सुई लागेल. बाकी सगळं करू द्या म्हणाले. त्यांना म्हणायला काय जाते. दिवसातून चार सुया मी देते. रात्री उठून बोट टोचून पाहते. नेपाळच्या डोंगरात कोण पाहणार?

आणि प्रेरणालाही यायचं नाही. तिला डोंगराचं भेव वाटते.

आईंची तब्येत बरी आहे. चिडचिड करतात, म्हणजे बरीच आहे.

तुमची,
मंजू


पुणे,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय मंजू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पोळ्याच्या दिवसाचं एवढं तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

पण परवा आईशी बोलताना प्रेरणाने फोन घेतला. मी फक्त विचारलं, ‘डोंगर आवडतो का गं?’ तर म्हणते, ‘आत्या, तिथे बर्फ हातात घेता येते का?’ यात मला तरी भेव दिसलं नाही. तेव्हा मला वाटतं, हे ‘नाही’ तुझं नाही. गजूने नाहीतर आईने तुझ्याकडून लिहून घेतलंय. गजू लहानपणापासून असाच. स्वतः पाण्यात उतरायचा नाही आणि मला काठावरून शिव्या द्यायचा. त्याला मी सरळ करते.

ऐक. होळीला मी आणि पुष्पांजली येतो. चार दिवस प्रेरणाचं सगळं मी करणार. सुई मी देणार, बोट मी टोचणार, तू फक्त बघायचं. त्यातली एक रात्र पोरींना घेऊन नवेगावबांधला तलावाजवळ तंबूत राहू. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे, वाटलं तर गजू मोटरसायकलवर येऊन पाहून जाईल. त्यानंतरही नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

हर्षा


खैरीटोला,
१ एप्रिल २०२४

ती. ताई,

तुम्ही गाडीत बसल्या आणि घर कसं शांत झालं. आई दोन वेळा म्हणाल्या, ‘त्या दोघी होत्या तं घर भरलं होतं.’

आधी एक सांगायचं आहे. ‘नाही’ हे ह्यांचं नव्हतं आणि आईंचं पण नव्हतं. हे तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, जाऊ दे पोरीला. ‘नाही’ माझंच होतं, आणि प्रेरणाला भेव वाटते हे पण मीच मनाने लिहिलं. तिने तर पुष्पांजलीकडून डोंगराचे फोटो मागवून वहीत चिकटवले आहेत.

तुम्ही चार दिवस खूप केलं. पहिल्या दिवशी सुई देण्याआधी तुम्ही मला दोनदा विचारलं, चौथ्या दिवशी एकदाही नाही. तंबूत राहिल्या ती रात्र पण नीट गेली. पण ताई, खरं सांगते, त्याने माझं मन वळलं नाही. धुळवडीच्या दिवशी जे झालं त्याने वळलं. पोरी रंग खेळत होत्या. तुम्ही आणि मी दोघी तिथेच, गप्पा मारत. प्रेरणा हसत होती, मला वाटलं मजेत आहे. पुष्पांजलीने पिचकारी खाली टाकली आणि म्हणाली, ‘ती उगाच हसतेय. हसण्यासारखं काही झालंच नाही.’ आणि आपण दोघी उठेपर्यंत तिने प्रेरणाच्या तोंडात ग्लुकोजची गोळी टाकली पण. मीटर लावलं तर शुगर खरंच उतरली होती.

तेरा वर्षांची पोर, पण माझ्या आधी तिला दिसलं. तुमच्यापेक्षा तुमच्या पोरीवर माझा भरवसा बसला, वाईट वाटून घेऊ नका.

घेऊन जा प्रेरणाला. एकच ठरवून टाकू. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना तिच्या मीटरचा फोटो मला पाठवायचा. दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल.

तुमची,
मंजू


पोखरा,
१० मे २०२४

प्रिय मंजू,

कागद पोस्टात टाकला तर आमच्यानंतर पोहोचेल, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो काढून पाठवतेय. तूही तसंच कर. मोबाईलवर टाइप केलेलं तुझं बोलणं तुझं वाटत नाही.

गोंदियाहून गाडीत बसल्यापासून पोरी गप्प बसलेल्या नाहीत. बनारसला पुष्पांजलीची चप्पल गंगेत गेली. सोनौलीला सरहद्दीच्या कमानीखाली प्रेरणा एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझं अर्धं पोट विदेशात आहे.’ मागे रिक्षावाले ओरडत होते, पण ती हलेना.

आज सकाळी ढग बाजूला झाले आणि खिडकीतून अख्खा बर्फाचा डोंगर दिसला. ती दात घासत होती. ब्रश तोंडात तसाच, कितीतरी वेळ. मीटरचे फोटो बघितलेसच. उद्या सकाळी जीपने उल्लेरीला, तिथून चालायला सुरुवात. सोबत एक वाटाड्या घेतलाय. काळजी करू नकोस म्हणणार नाही, तू करणारच.

हर्षा


खैरीटोला,
११ मे २०२४

ती. ताई,

फोटो पाहिला. आईंना पण दाखवला. त्या म्हणाल्या, एवढं पांढरं काय आहे, चुना का?

इकडे धान पिवळं होऊन उभं आहे. हार्वेस्टरवाला आज येतो उद्या येतो म्हणून राहिला, आणि दुपारी रोज आभाळ येते. हे दिवसभर वरच पाहतात. ऑपरेशन झाल्यापासून आईंना वॉकर धरून दारापर्यंत चालवते. मी चांगली आहे. झोप पण लागते.

चढताना तिची शुगर उतरते, तुम्हाला माहीतच आहे. थंडीत मीटर बंद पडते असं नागपूरच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, अंगाजवळ ठेवा. तिला सांगा, आईने तुझा फोटो सगळ्या टोल्याला, घरोघरी नेऊन दाखवला.

मंजू


घोरेपानी,
१३ मे २०२४

मंजू,

इथे पोहोचलो. सगळं छान आहे. प्रेरणा झोपली आहे. नेटवर्क येतं-जातं, फोटो जात नाहीत. एक-दोन दिवस संपर्क झाला नाही तर घाबरू नकोस.

हर्षा


सोनौली,
१६ मे २०२४, सकाळ

ती. ताई,

दचकू नका. मी सोनौलीला आहे. चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे, ती कमान इथून दिसून राहिली आहे.

तुमचं १३ तारखेचं मी बांधावर वाचलं. दुपारची वेळ होती आणि तुम्ही लिहिलं, प्रेरणा झोपली आहे. ताई, ती दुपारी झोपत नाही. पाळण्यात होती तेव्हा पण झोपत नव्हती. अंगात बरं नसलं तरच झोपते. तुमचा फोन लावला, बंद. हिमांशूभाऊजींचा लावला, बंद. दुसऱ्या दिवशी पण तसंच.

हार्वेस्टर नेमकं त्याच दिवशी आलं. हे म्हणाले, ‘धान राहू दे, मी येतो संग.’ मी म्हटलं, तुम्ही घरी थांबा, ताईंचा फोन आला तर उचलायला आणि आईंना पाहायला कोणी पाहिजे. पण माझे पाय काही निघत नव्हते. नागपूरच्या पुढे मी एकटी कधी गेली नाही. आई पलंगावरून ओरडल्या, ‘काऊन बसून राहिली वं? जाय पोरीजवळ. मी काय मरून नाही राहिली.’

मग निघाली. अर्जुनीहून गोंदियाला, तिथून बनारसची गाडी. रिझर्वेशन नव्हतं. बालाघाटचं एक कुटुंब होतं, त्यांनी पोरांना मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. बनारसहून बस. जास्तीचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून लहान मडक्यात आणलं आहे. मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी बसून फोनकडे पाहण्यापेक्षा हे सोपं गेलं. गाडीत निदान मी तिच्याकडे जाऊन राहिली होती.

कमानीच्या पलीकडे माझा मोबाईल चालणार नाही असं इथले लोक सांगतात. पोखऱ्याची बस संध्याकाळी पोहोचते म्हणे. तुम्ही हे वाचलं तर बसस्टँडवर या. नाही वाचलं तर मी विचारत विचारत घोरेपानीला येते. प्रेरणाला बरं नसेल तर माझी वाट पाहू नका, दवाखान्यात न्या.

मंजू


पोखरा,
१६ मे २०२४, दुपार

प्रिय मंजू,

प्रेरणा बरी आहे. सगळ्यात आधी हे. माझ्यासमोर बसून डाळभात खातेय आणि भात आपल्याकडच्यासारखा नाही म्हणून तक्रार करतेय.

जीप खाली आली, नेटवर्क आलं आणि तुझं पत्र उघडलं. तुला फोन लावला, बंद. म्हणजे तू बसमध्ये आहेस. गजूशी बोलले, त्याला सगळं सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि फोन आईच्या हातात दिला. हे पत्र मी तुला बसस्टँडवर हातात देणार आहे. तोंडाने मला सांगता येणार नाही.

१२ तारखेला आम्ही घोरेपानीला पोहोचलो तेव्हा पोरी उड्या मारत होत्या. वाटेत त्या दगडी पायऱ्यांवर एका झऱ्याचं पाणी दोघी प्यायल्या होत्या, मी पाहिलं नाही. १३ ला पहाटे दोघींना उलट्या सुरू झाल्या. पुष्पांजली दोन तासांत ठीक झाली. प्रेरणाच्या पोटात पाण्याचा घोटही टिकेना. दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा मी तुला तो मेसेज पाठवला. थोड्या वेळाने गारा सुरू झाल्या. आवळ्याएवढ्या. वीज गेली, टॉवर गेला, वाट पांढरी झाली.

संध्याकाळी तिच्या रात्रीच्या इन्सुलिनची वेळ झाली. मी पेन हातात घेऊन बसले. पोटात अन्न नाही आणि सुई दिली तर शुगर उतरेल. नाही दिली तर काय होईल? होळीला तू मला हे सांगितलं होतंस, एवढं आठवत होतं. काय सांगितलं होतंस ते आठवेना. डोकं रिकामं झालं होतं. हिमांशू म्हणाला, ‘आज राहू दे, सकाळी बघू.’ मलाही तेच बरं वाटत होतं. प्रेरणाचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपेत आहे.

ती म्हणाली, ‘आत्या, ही सुई सोडायची नसते.’

‘पण तू काही खाल्लं नाहीस बाळा.’

‘जेवणाची सोडतात. ही नाही. उलटी झाली तरी नाही. मग घडीघडी मीटर लावायचं, आणि साखरेचं पाणी चमच्याने द्यायचं.’

‘तुला नक्की ठाऊक आहे?’

‘आई मला शाळेत जाताना विचारते. उत्तर आलं की मग सोडते.’

मी सुई दिली. मग आम्ही तिघं आळीपाळीने बसलो. थंडीने मीटर चालेना. पुष्पांजलीने ते काखेत धरलं, दर वेळी काढायचं, लावायचं, परत काखेत. उजाडता उजाडता शुगर एकदम खाली आली. हातपाय गार, ओठ पांढरे. घरमालकीण दिदी मधाची बाटली घेऊन आली आणि तिने बोटाने मध प्रेरणाच्या हिरड्यांना चोळला. मी काय करत होते? रडत होते. खरंच, दुसरं काही नाही. थोड्या वेळाने प्रेरणाने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘आत्या रडू नको, मला लो झालं की असंच होते, मग बरं वाटते.’

तोवर हिमांशू आणि वाटाड्या गारांच्या चिखलातून आरोग्य चौकीवर गेले होते. तिथल्या माणसाने येऊन उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दुपारी दिदीने तांदळाची पातळ पेज केली. ती पोटात टिकली. पहिली वाटी संपली तेव्हा आम्ही कोणी एकमेकांकडे पाहत नव्हतो. दुसरी मागितली तेव्हा हिमांशू बाहेर जाऊन उभा राहिला.

कालचा दिवस नुसतं पडून राहिलो. ती टेकडी काही चढलो नाही. पण सकाळी खिडकीतून सगळी रांग स्वच्छ दिसली, आणि दाराशी साचलेल्या गारा प्रेरणाने हातात घेतल्या. आज घोड्यावर बसून ती खाली आली. उल्लेरीला घोड्यावरून उतरायला तयार नव्हती. इथे आल्याबरोबर दवाखान्यात दाखवलं. सगळं ठीक आहे, कागद माझ्या पर्समध्ये आहेत.

तुला ‘सगळं छान आहे’ असं लिहिलं, कारण तू घाबरशील. आणि पुन्हा कधी पोरीला माझ्याबरोबर पाठवणार नाहीस, हेही होतं. आता पाठवलं नाहीस तरी मी बोलणार नाही.

बस यायला अजून वेळ आहे, पण प्रेरणाने आत्ताच चपला घातल्यात.

हर्षा


खैरीटोला,
९ जून २०२४

ती. ताई,

तुम्ही पुण्याला सुखरूप पोहोचल्या ते फोनवर कळलं. फोनवर तुम्ही परत विचारलं, ‘मंजू, रागावली आहेस का?’ आणि मी परत ‘नाही ताई’ म्हटलं. म्हणून कागद घेतला.

रागावली होती. कमान ओलांडून बसमध्ये बसली तेव्हापासून मी मनात तुमच्याशी भांडत होती. काय काय म्हणायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. पण तो रस्ता असा वळत जातो की घाटात मलाच उलट्या सुरू झाल्या. खिडकीतून खाली पाहिलं तर नदी सुताएवढी. शेजारच्या नेपाळी बाईने लिंबू कापून माझ्या हातात दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. तिची भाषा मला समजत नव्हती, माझी तिला नाही. मी तिला आपल्या बोलीत सगळं सांगितलं. पोरगी वर आहे, काय झालं माहीत नाही, ननंदेने खोटं लिहिलं. ती मान हलवत होती. पोखरा येईपर्यंत माझं भांडण तिच्याजवळच संपलं.

उतरली तेव्हा तुम्ही सगळे दिसलेच नाही, फक्त प्रेरणा दिसली. बारीक झालेली, हातात भाजलेलं कणीस. मला वाटलं धावत येऊन गळ्यात पडेल. ती जागेवरच उभी राहून माझ्या मागे पाहून राहिली होती, बाबा उतरतात का म्हणून. मग म्हणाली, ‘आई, तू एकटी आली?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘रेल्वेने? बसने? एकटी?’

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं ताई. पोरगी माझ्याकडे अशी पाहत होती जशी ती तुमच्याकडे पाहते. मग आम्ही दोघी रडलो ते तुम्ही पाहिलंच.

तुमचं पत्र मी त्याच दिवशी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी फेवा तलावाच्या काठावर बसून वाचलं. वाचून झाल्यावर तुमच्याकडे आली आणि नाव भाड्याने घ्यायला सांगितलं. तुम्हाला वाटलं मी तुमचं मन ठेवायला आली. तसं नव्हतं. आमच्या माहेरी तलावात डोंगा होता, मी लग्नाआधी रोज वल्हवत होती. हे ह्यांना पण माहीत नव्हतं. हिमांशूभाऊजी वल्हं घेऊन नाव गोलगोल फिरवत होते ते मला पाहावेना, म्हणून घेतलं त्यांच्या हातातून. चार दिवस तुमच्यासोबत राहिली, रोज नाव चालवली. इतकं मी किती वर्षांत हसली नव्हती.

आता सुईचं. ती सुई तिने सोडू दिली नाही, हे वाचून माझ्या जिवाचं काय झालं ते मला लिहिता येत नाही. मी तिला रोज विचारत होती ते तिला शिकवायला नव्हे, माझ्याच भीतीने. आणि तुम्ही रडत होत्या म्हणता. रडल्या तरी जागेवरून उठल्या नाहीत. मी असती तर मी पण रडली असती. पुष्पांजलीला सांगा, मामी तिला एक मीटर देणार आहे, काखेत ठेवायला.

इकडचं म्हणजे, धान निघालं. थोडं भिजलं, बाकी चांगलं आहे. आई आता वॉकर विसरून चालतात आणि मधातच, अर्ध्या वाटेत, आठवलं की ओरडतात. आईंनी प्रेरणाला विचारलं, ‘कसं होतं वं नेपाळ?’ ती म्हणाली, ‘आजी, तिथे पण पेज करतात.’ आईंना एवढंच पुरलं. आल्यागेल्याला तेच सांगतात.

काल दुपारी जेवण झालं आणि मी सहज आडवी झाली. तिच्या आजारपणापासून दिवसा माझा डोळा लागला नव्हता. जागी झाली तर ऊन उतरलेलं. घरात कोणी नाही. घाबरून उठली. मीटर खाटेवर होतं, उघडून पाहिलं, तिने स्वतः टोचून पाहिलं होतं, शुगर चांगली होती. डब्यातली बिस्किटं खाल्लेली होती. आई म्हणाल्या, ‘तिनं तुले उठवू नोको म्हणून सांगितलं.’

तलावाकडून पोरांचा आवाज येत होता. गेली. पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभी राहून पाहिलं तर सगळ्या टोल्याची पोरं पाण्यात, आणि त्यांच्यात प्रेरणा. शुगर निघाल्यापासून मी तिला एकदाही पाण्यात उतरू दिलं नव्हतं. ती म्हशीच्या पाठीवर चढत होती, घसरत होती, परत चढत होती. गळ्यात ग्लुकोजच्या गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी लटकत होती, तोंड नीट बांधून.

तिने मला पाहिलं नव्हतं. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. मग पदर खोचला, चप्पल काढून पाळीवर ठेवली आणि खाली पाण्यापर्यंत गेली. पाणी कोमट होतं.

तुमची,
मंजू